मार्तंड सरांचा गुरुवारचा अभिप्राय

१

मार्तंड कस्तुरे सर सोमवारी गेले आणि गुरुवारी दुपारी त्यांचा अभिप्राय आला.

ईमेल उघडला आणि मी खुर्चीतून ताडकन उभाच राहिलो. पाठवणाऱ्याच्या जागी सरांचं नाव, सरांचाच पत्ता. खाली दोन ओळी होत्या: "सरांनी आजारपणात लिहून ठेवलेला हा अभिप्राय त्यांच्या कागदांत सापडला. त्यांची शेवटची जबाबदारी म्हणून पाठवत आहोत. – कुटुंबीय." सोबत दीड पानाचा मजकूर आणि त्याच्या शेवटी ठणठणीत वाक्य: "हा लेख छापू नये."

मी हर्षल घोंगे. खामगावच्या एका अध्यापक महाविद्यालयात शिकवतो आणि उरलेल्या वेळात आमच्या 'पाटी' या शिक्षणविषयक त्रैमासिकाचा सहसंपादक असतो. म्हणजे लेख गोळा करणं, लोकांच्या मागे लागणं आणि शिव्या खाणं ही सगळी माझी खाती.

आमची पद्धत साधी आहे. लेख आला की मी त्यावरचं लेखकाचं नाव काढतो. गावांची, शाळांची नावं काढून तिथे क, ख, ग घालतो. मग तो लेख त्या विषयातल्या दोन जाणकारांकडे जातो. लेख कोणाचा, हे त्यांना सांगायचं नाही. वाचला कोणी, हे लेखकाला सांगायचं नाही. आंधळी कोशिंबीरच ती, फक्त रुमाल दोन्हीकडच्यांच्या डोळ्यांवर. दोघंही 'छापा' म्हणाले तर छापायचं, एक हो आणि एक नाही आलं तर तिसऱ्याला विचारायचं. आमचे प्राचार्य याला नसता उपद्व्याप म्हणतात. मी म्हणतो, 'पाटी'ची सगळी अब्रू याच्यावरच उभी आहे.

आणि या वेळचा लेख काही साधासुधा नव्हता. लेखक डॉ. पंजाबराव मानकर. जिल्हाभर शाळा-कॉलेजं चालवणाऱ्या संस्थेचे सर्वेसर्वा. 'वाचनगाडी' नावाची चित्रकार्डांची पेटी त्यांनी काढली होती. पेटी वापरली की पहिलीची मुलं काही महिन्यांत दुप्पट वाचू लागतात, असं लेखात आकड्यांनिशी दाखवलं होतं. लेख 'पाटी'त आला की जूनपासून संस्थेच्या झाडून सगळ्या शाळांत वाचनगाडी धावणार होती आणि मुलांच्या बोलीतल्या गोष्टींचा तास बंद होणार होता. दोघांपैकी एका परीक्षकाने, बुलढाण्याच्या प्रा. शौनक पांगारकरांनी, 'अवश्य छापा' असं कळवूनही टाकलं होतं. दुसरे होते मार्तंड सर.

मी सरांचा मजकूर पुन्हा वाचला. सुरुवातीला सरांच्या पद्धतीप्रमाणे भरपूर कौतुक होतं. सर आधी गूळ देत, मग कडुलिंब. मग हे आलं: "पान अकरावर म्हटले आहे की शाळा 'क' मध्ये दुसरी चाचणी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. त्या आठवड्यात त्या गावची यात्रा होती. शाळेत मूल नसताना चाचणी दिली कोणी?"

शाळा 'क' म्हणजे सोनाळा. हे नाव मी माझ्या हाताने खोडलं होतं.

मी लगेच सरांच्या घरी फोन लावला. सरांच्या पत्नीने, शारदाकाकूंनी, उचलला.

"काकू, सरांचा अभिप्राय मिळाला. तुम्ही अशा प्रसंगातही आठवणीने पाठवला..."

"कसला अभिप्राय रे?" काकू म्हणाल्या. "आम्ही कोणीच काही पाठवलं नाही. यांच्या कागदांना अजून हातसुद्धा लावला नाही."

२

धम्मशीला तायडे मॅडम 'पाटी'च्या संपादक. शिकवतात संख्याशास्त्र, पण खरं व्यसन कोड्यांचं. एप्रिलात त्यांच्या टेबलावर कैरीच्या फोडी आणि तिखटमीठ असतं. मी धावतपळत जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी तोंडातली फोड आधी नीट चावून संपवली.

"मेलेला माणूस लिहीत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणजे जिता कोणीतरी लिहून राह्यला. चला."

सरांचं घर कापूस बाजाराच्या मागे आहे. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरलेली, सरांच्या फोटोला हार, भेटायला येणाऱ्यांची ये-जा. कोपऱ्यात सरांचा जुना कॉम्प्युटर. त्याच्या पडद्यावर चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर सरांच्या टपोऱ्या अक्षरात पासवर्ड. सरांना पासवर्ड आठवत नसे, म्हणून तो जगाला दिसेल असा लावलेला. मला रडावं की हसावं कळेना.

मॅडमनी काकूंची परवानगी घेऊन मेल उघडला. सगळ्यात वर माझीच स्मरणपत्रं होती: सर, वाचनाच्या लेखाचा अभिप्राय कधी पाठवता? म्हणजे या खुर्चीत बसणाऱ्या कोणालाही कळलं असतं की हा लेख सरांकडे आहे.

"काकू, आज दुपारी इथं कोण कोण बसून गेलं?"

काकूंनी पदराने डोळे टिपले. "मी आत होते गं. पंजाबराव हार घेऊन आले, बराच वेळ बसले. ती सोनाळ्याची प्रतीक्षा आली, यांची विद्यार्थिनी. फार रडली. शौनक तर रोजच येतो, यांचा लाडका. मी मधूनमधून चहा घेऊन यायची तेवढीच."

"आणि सरांनी आमचा लेख वाचला होता का?"

"कुठला वाचतोय! महिनाभर अंथरुणातून उठलेच नाहीत."

सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यामुळे त्यांची प्रत मी नेहमी मोठ्या टायपात कागदावर छापून, पाकिटात घालून स्वतः नेऊन देत असे. ते पाकीट कपाटात मासिकांच्या गठ्ठ्याखाली सापडलं. मी ते उलटंपालटं केलं. मी मारलेल्या पिना जशाच्या तशा होत्या. पाकीट कोणी उघडलंच नव्हतं.

३

शुक्रवारी सकाळी कार्यालयाचं कुलूप काढतो तोच पंजाबरावांची पांढरी गाडी दारात उभी. माणूस गोड. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि तो हात उचलायला विसरतो.

"चहा-बिहा राहू द्या घोंगे सर. मॅडम, आमच्या लेखाचं काय झालं थे सांगा. शनिवारी अंक प्रेसले जाऊन राह्यला नं?"

"अभिप्राय पूर्ण झाले नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"काऊन? मी तं ऐकलं, चांगलं मत आलं म्हणून."

माझं टाळकंच सटकलं. "कोणाकडून ऐकलं तुम्ही? परीक्षक कोण हे तुम्हाला कळताच कामा नये!"

पंजाबराव मनापासून हसले. "अहो सर, आपल्या इकडं या विषयातले जाणते आहेत किती? बोटावर मोजण्याइतके. मी साऱ्याइलेच फोन लावला. 'आपला लेख चांगला आहे नं' म्हटलं. ज्याच्याकडं असंल त्याले समजते. ज्याच्याकडं नसंल त्याले वाटते, साहेबांनी सहज चौकशी केली."

हे ऐकून मला कोणीतरी आमचा रुमालच फाडल्यासारखं वाटलं. मॅडम मात्र शांतपणे कैरी कापत होत्या.

"एकच विचारायचं होतं, साहेब. सोनाळ्याची दुसरी चाचणी कोणी घेतली?"

खांद्यावरचा हात पहिल्यांदाच खाली आला. "आमच्या प्रतीक्षा मॅडमनं. लेखात दुसरं नाव तिचंच आहे. आकडे तिचे. त्यात काही कमीजास्त निघालं तं जिम्मेदारी तिची. मी कारवाईले मागंपुढं पाहणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

गाडी गेली. मॅडमनी सुरी खाली ठेवली.

"हर्षल सर, आता हा खेळ लेखापुरता राहिला नाही. लेख छापला तर खोटे आकडे छापल्या जातील. अडवला तर त्या पोरीची नोकरी जाईल."

"पण मॅडम, ती पोरगी बिचारी कसली?" मी टेबलावर हात आपटला. "सोनाळ्याची यात्रा कोणाला ठाऊक? तिला. गुरुवारी सरांच्या घरी कोण होतं? ती. आधी खोटे आकडे दिले, मग घाबरली, आणि लेख अडवायला सरांच्या नावाने लिहून मोकळी झाली. सुटलं की कोडं!"

"तर मग सोनाळ्याला जाऊन तिच्या तोंडून ऐकू," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी गाडीची किल्ली उचलली.

४

सोनाळ्याला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. एका बाजूला सातपुड्याची रांग, दुसऱ्या बाजूला संत्र्याच्या बागा. शाळा सकाळची होती, सुटतच होती. प्रतीक्षा उमाळे व्हरांड्यात पोरांच्या घोळक्यात उभी होती. पोरं गेली तशी तिने आम्हाला वर्गात बसवलं, माठातलं पाणी दिलं.

मला दम धरवत नव्हता. "प्रतीक्षा मॅडम, पंजाबरावांच्या लेखातले सोनाळ्याचे आकडे तुम्ही दिलेत?"

"कोणता लेख?"

"ज्याच्यावर तुमचं नाव आहे तो."

तिचा हात ओठावर गेला. "माह्यं नाव? मले तं कोणी विचारलं नाही. पहिली चाचणी मी घेतली, थे खरं आहे. त्याचे आकडे साहेबांनी नेले. दुसरी झालीच नाही."

"लेखात आहे. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा."

"ना बाप्पा! त्या आठवड्यात आमची यात्रा होती, सर. शाळेत चिमणीबी नव्हती. कुलूप होतं."

मॅडमनी पर्समधून अभिप्रायाचा कागद काढला आणि तिच्यापुढे धरला. मी तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होतो. आता रंग उडेल, आता उडेल. ती सावकाश वाचत गेली आणि मध्येच थांबली.

"ही शाळा 'क' कोणती जी?"

मी मनात म्हटलं, वा, काय नाटक आहे. "तुमचीच," मी म्हणालो.

"आमची काऊन? साहेबांच्या कागदात आमची शाळा नेहमी शेवटी राहते. सोनाळा शेवटचं गाव म्हणून." मग तिने पुढचं वाचलं आणि कागद खाली ठेवला. "हे ज्यानं लिहिलं त्याचे उपकार झाले, मॅडम. पण हे मी लिहिलं असं सर समजून राह्यले नं? मी लिहिलं असतं तं माह्या नावानं लिहिलं असतं. मेलेल्या गुरुजीचं नाव मी कायले खराब करू?"

"हे सगळं सिद्ध करता येईल?" मॅडमनी विचारलं.

"हजेरीपट संस्थेत जमा असतात. साहेब म्हणतील थेच खरं होते." तिने कागद मॅडमना परत दिला. "घरात कमावणारी मी एकटी आहे. साहेबांनी माह्यावर ढकललं तं मले कोणतीच शाळा दारात उभी करणार नाही."

मला माझीच लाज वाटली. रागही आला आणि आता तो राग कोणावर काढावा हे कळेना. मॅडमकडे पाहिलं तर त्यांचे डोळे चक्क चमकत होते.

"हर्षल सर," गाडीत बसता बसता त्या म्हणाल्या, "अभिप्राय कोणी लिहिला हे या पोरीनं आत्ता सांगितलं. तिलेच माहीत नाही."

५

मॅडमनी रस्त्यावरच्या रसवंतीपाशी गाडी थांबवली. उसाचा रस आला. मी म्हणालो, "मॅडम, आता सांगता की मी इथेच जीव देऊ?"

"जीव कशाला देता? विचार करा. त्या लेखाच्या किती प्रती होत्या?"

"मूळ एक, पंजाबरावांनी पाठवलेली. नावं काढून मी केलेली दुसरी. ती शौनक सरांना मेलवर गेली आणि मार्तंड सरांना कागदावर."

"क, ख, ग ही अक्षरं कोणत्या प्रतीत आहेत?"

"फक्त माझ्या. मूळ प्रतीत गावांची खरी नावं आहेत."

"आणि तुम्ही सोनाळ्याला 'क' का दिलं?"

"असंच. मूळ क्रम ठेवला असता तर ओळखू आलं असतं, म्हणून शेवटचं गाव पहिलं केलं."

"मग अभिप्राय लिहिणारा 'शाळा क' म्हणतो, 'सोनाळा' म्हणत नाही. म्हणजे त्याच्यापुढे तुमची प्रत होती. पंजाबरावांकडे ती नाही, प्रतीक्षाकडे नाही. 'क' म्हणजे कोणती शाळा, हे तिला विचारावं लागलं. तुम्हाला ते नाटक वाटलं, हो नं?"

मी रसात डोकं घातलं.

"आता पुढचं. लिहिणारा म्हणतो, पान अकरा." मॅडमनी पिशवीतून ते पाकीट काढलं. काकूंनी ते परत दिलं होतं. माझ्या पिना त्यांनी एकेक करून उपटल्या आणि सरांची प्रत माझ्या हातात ठेवली. "काढा पान अकरा."

मी काढलं. मोठी मोठी अक्षरं. पान अकरावर लेखकाची प्रस्तावनाच अजून चालू होती. मी भराभर पानं उलटली. सोनाळ्याच्या चाचणीचा तक्ता सापडला तो पान सव्वीसवर.

"मोठा टाइप!" मी ओरडलो. रसवाल्याने चमकून पाहिलं.

"तक्ता अकराव्या पानावर येतो फक्त साध्या टायपातल्या प्रतीत. ती दोनच माणसांकडे होती, आणि त्यातले एक तुम्ही."

"मॅडम! मी?"

"तुम्ही नाही. सरांची प्रत मोठ्या टायपात आहे हे तुम्हाला पाठ होतं. तुम्ही खोटं लिहिलं असतं तर सव्वीस लिहिलं असतं. ज्याला वाटलं की सरांकडेही आपल्यासारखीच प्रत असणार, त्यानेच अकरा लिहिलं."

माझ्या डोक्यात उजेड पडला आणि लगेच पुन्हा अंधार झाला. "पण तो तर शौनक! मॅडम, त्याने स्वतःच्या नावाने 'अवश्य छापा' असं कळवलंय!"

"तेच तर," मॅडम म्हणाल्या. "एकच माणूस एका लेखाला हो म्हणतो आणि नाहीसुद्धा. हे कोडं मात्र मले अजून सुटलं नाही. त्याला बोलवा."

६

शौनक पांगारकर शनिवारी सकाळी पहिल्या बसने आला. तरणा माणूस, पण आठवडाभरात गाल बसलेले. मॅडमनी दोन्ही प्रती त्याच्यापुढे शेजारी शेजारी ठेवल्या. एक अकराव्या पानावर उघडलेली, एक सव्विसाव्या.

त्याने पाहिलं. चेहऱ्यावर आधी गोंधळ, मग लख्ख समज. तो खुर्चीत मागे टेकला. माझ्या मते त्याला सुटल्यासारखंच वाटलं.

"काऊन केलं, सर?" मॅडमनी विचारलं. "आम्ही तुमचं नाव झाकलं होतं."

"मॅडम, तुम्ही नाव झाकता. पण आपल्या जिल्ह्यात नाव झाकल्यानं माणूस झाकल्या जाते का?" तो म्हणाला. "संत्र्याची बाग, सातपुड्याचा पायथा वाचलं अन् मला सोनाळा दिसला. वाचनगाडी कोणाची हे तर संस्थेतलं शेंबडं पोरगंही सांगेल. वरून साहेबांचा फोन. 'शौनक, आपला लेख चांगला आहे नं?' मी त्यांच्याच कॉलेजात नोकरीले आहे. अजून कायम व्हायचोय. वाकडं गेलं की लोणारच्या शाखेत बदली, नाही तं घरी. मी 'छापा' लिहून टाकलं."

"आणि मग?"

"मग सर गेले. गुरुवारी त्यांच्या खोलीत बसलो होतो. पडद्यावर चिठ्ठी, मेलमध्ये घोंगे सरांची आठवण. लेखाची प्रत माझ्या मोबाइलवर होतीच. मला वाटलं, सर असते तर असं सोडलं नसतं." त्याने डोळे मिटले. "अन् मेलेल्या माणसाची कोणी बदली करू शकत नाही, मॅडम."

मॅडमनी विचारलं, "यात्रेचं तुम्हाला इतकं नक्की कसं माहीत?"

"मी तिथं होतो! संस्थेची पाणपोई होती यात्रेत, शाळेच्या आवारातच. मी पाणी वाटत होतो. साहेब बाजूले खुर्ची टाकून बसले होते. मागं शाळेले कुलूप. दोघांनीही पाहिलं."

"मग त्यांनी नेमका तोच आठवडा कसा लिहिला?" मी विचारलं.

"टेबलावर बसून तारखा टाकल्या की असं होते, सर. यात्रा तिथीनं येते. आदल्या वर्षी ती वेगळ्या आठवड्यात होती. साहेबांनी आदल्या वर्षीच्या तारखा पाहून यात्रेचा आठवडा टाळला अन् बरोब्बर या वर्षीच्या यात्रेत जाऊन पडले."

मला टाळी वाजवावीशी वाटली. इतका हुशार माणूस, आणि पंचांगाने पकडला! पण मॅडमचा चेहरा गंभीर होता.

"शौनक सर, तुमचे दोन्ही अभिप्राय मी रद्द करते. एकात नाव खोटं आहे, एकात मत खोटं आहे. लेख आता दूरच्या दोन परीक्षकांकडे जाईल. तुमचं नाव 'पाटी' कोणालाही सांगणार नाही, हा आमचा शब्द आहे. पण साहेब आज अंकासाठी येतील. लेख अडला म्हटलं की प्रतीक्षाला धरतील. ती निर्दोष आहे हे सांगू शकणारा माणूस एकच आहे आणि त्याचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

शौनकने दोन्ही प्रती मिटून ठेवल्या. मग म्हणाला, "मला आधी काकूंची माफी मागायची आहे."

७

काकू बाहेरच्या खोलीत सरांच्या फोटोसमोर बसल्या होत्या. शौनकने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला वाटलं, आता काकू त्याला घराबाहेर काढतील. त्यांनी काढलं नाही. त्यांनी शांतपणे विचारलं,

"यांच्या नावानं काय लिहिलंस?"

"खरं तेच लिहिलं, काकू. एक अक्षर खोटं नाही."

"आणि तुझ्या नावानं?"

शौनकची मान खाली गेली. "खोटं."

"म्हणजे उलटंच केलंस की रे," काकू म्हणाल्या. "खरं सगळं यांना देऊन टाकलंस आणि खोटं स्वतःकडे ठेवलंस. ते गेले. राहायचं तुला आहे."

काकू रागावल्या असत्या तर बरं, असं मला वाटलं. शौनकने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून सतरंजीवर ठेवला. मी मॅडमचा हात घट्ट धरला होता, हे मला नंतर कळलं.

"बोला शौनक," पंजाबरावांचा गोड आवाज आला. "मी खामगावलेच निघून राह्यलो."

"साहेब, तुमच्या लेखावर मी 'छापा' लिहिलं होतं. थे मी वापस घेतलं. छापू नये, असं माझं मत आहे. हाव, माझंच. यात्रेच्या दिवशी सोनाळ्याच्या शाळेले कुलूप होतं. मी कुलपासमोर पाणी वाटत होतो अन् तुम्ही बाजूले खुर्चीवर बसले होते. प्रतीक्षा मॅडमवर कारवाई झाली तं हे मी जिथं सांगा लागंल तिथं सांगीन."

फोन कटला की काय, म्हणून मी वाकून पाहिलं. कटला नव्हता.

"मॅडम आहेत का तिथं?" पंजाबरावांच्या आवाजातला गोडवा कुठल्या कुठे गेला होता.

"आहे, साहेब," मॅडम म्हणाल्या.

"लेख मी वापस घेऊन राह्यलो. आकडे पुन्हा पाहा लागतील म्हणा."

"तसं आजच लेखी पाठवा," मॅडम म्हणाल्या.

म्हणजे लेख गेला. लेखाबरोबर ते आकडे गेले आणि प्रतीक्षाच्या मानेवर ठेवलेली सुरीही गेली! पण पंजाबरावांचं बोलणं संपलं नव्हतं.

"अन् शौनक, लोणारची ऑर्डर काढू मग?"

शौनकने सरांच्या फोटोकडे नाही, काकूंकडे पाहिलं.

"काढा, साहेब," तो म्हणाला. "सही तेवढी तुमच्या स्वतःच्या नावानं करा."

सुतकाच्या घरात ओरडू नये हे मला कळतं. तरी मी ओरडलो.